गाडी बदलण्याचे ठाणे

मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकल नेरळ स्थानकात थांबते, उतारू आपल्या पेट्या-पिशव्या उचलून फलाट बदलतात आणि माथेरानच्या चिमुकल्या गाडीपाशी जाऊन उभे राहतात. दोन गाड्यांमधले अंतर म्हणाल तर हाकेचे. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर हातभरसुद्धा चालू शकत नाही, कारण पहिल्या मार्गाच्या दोन रुळांमध्ये पाच फूट सहा इंचांचे अंतर आहे आणि दुसऱ्याच्या रुळांमध्ये अवघे दोन फुटांचे. लोखंड तेच, चाक तेच, हाकणारे खातेही आज एकच. तथापि मापाचा मेळ नाही, म्हणून प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक नगाला येथे एकदा खाली उतरावेच लागते. सारे आयुष्य कर्जतेत गेल्यामुळे ही अदलाबदल मी शेकडो वेळा पाहिली आणि तिच्याविषयी कधी विचार केला नाही. तो विचार करावयास मला लावले ते एका सीडीने, जिची हकीकत पुढे येईल.

माथेरानचा डोंगर इंग्रजी अंमलाच्या दप्तरात दाखल झाला तो मे १८५० मध्ये. ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूरच्या बाजूस चौक येथे मुक्कामास असता वन ट्री हिलच्या अंगाने वर चढला आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरला, असा वृत्तान्त आहे. त्याने डोंगराचा शोध लावला असे पुस्तकांतून लिहितात. वर गुरे चारणाऱ्या धनगरांना आणि रानात वावरणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांना तो कधी हरवलाच नव्हता, ही गोष्ट निराळी. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत वर बंगले उठले. १८५६ साली कल्याणहून खोपोलीच्या दिशेने आगगाडी सुरू झाली आणि नेरळ हे डोंगराचे द्वार ठरले. त्यानंतर अर्धशतकभर नेरळहून वर जाणे म्हणजे घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या धनिकाने आपल्या पदरचे सुमारे १६ लक्ष रुपये घालून, व त्याचा पुत्र अब्दुल हुसेन याने प्रत्यक्ष कामाची देखरेख करून, १९०४ ते १९०७ या अवधीत लोहमार्ग बांधला, आणि २२ मार्च १९०७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला.

या मार्गाला दोनच फुटांचे माप का दिले, याचे उत्तर डोंगराकडे पाहिले की मिळते. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर, आणि मधला सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी ठाणी घेत डोंगराच्या अंगावर सापासारखा वेटाळलेला. इतक्या आवळ वळणांवर रुंद मापाचे डबे वळलेच नसते. जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने येथील इंजिने बनविली, त्यांच्या टोकाच्या चाकांना वळणाबरोबर किंचित सरकता येईल असे पोकळ आस बसविले, आणि तेव्हा कुठे वाफेची गाडी या डोंगराला मानवली. अशा रीतीने स्थळाची निकड भागली. पण त्याच क्षणी नेरळचे ठाणे कायमचे तोडाचे, म्हणजे गाडी बदलण्याचे, ठाणे झाले. ज्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नामक अभियंत्याचा या मार्गाशी संबंध आला, त्यानेच १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शीची लाइट रेल्वे उभारली होती, आणि तिचे माप होते अडीच फूट. एकच इलाखा, एकच अभियंता, आणि तरीही बार्शीचा डबा माथेरानला आणता येणार नाही व माथेरानचा बार्शीला नेता येणार नाही! प्रत्येकाने आपापल्या मुलखाला साजेसे माप निवडले, प्रत्येकाचे कारण सबळ होते, आणि एकमेकांशी मेळ कोणाचाच बसला नाही.

माथेरानात तर तोड एकाच ठिकाणी नाही. मोटारीने आलेल्याची मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, कारण त्यापुढे मोटारींना मनाई. तेथून घोडा किंवा अमन लॉजपासून गाडी. वर जी जी वस्तू दिसते, मग ती गव्हाची गोणी असो, पलंग असो वा संगणक असो, ती कुठे ना कुठे एका वाहनावरून उतरून दुसऱ्यावर चढलेली असते. संगणक वर पोहोचला खरा. पण त्याच्या पोटातला मजकूर खाली आणावयाचा कसा, हा प्रश्न मला २००४ च्या मे महिन्यात पडला.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी माथेरानची काही छायाचित्रे हवी होती. बाजारपेठेतल्या एका फोटोच्या दुकानदाराने ती काढून एका सीडीवर उतरवून दिली, वर निळ्या मार्करने सुबक अक्षरात नाव घातले, आणि मी ती सीडी चार लेखांच्या मजकुरासह पुण्याच्या एका छापखान्याकडे धाडली. आठ दिवसांनी निरोप आला: सीडी कोरी आहे. माझ्या घरच्या संगणकावर तर तीच सीडी चाळीस छायाचित्रे दाखवीत होती. दुकानदाराला दोष द्यावा तर त्याने मला समोर उघडून दाखविली होती. छापखान्याला द्यावा तर तेथील इसम शपथेवर सांगत होता की, त्याच्या मॅकिंटॉश यंत्रावर त्या तबकडीत काहीच नाही. कोणीही खोटे बोलत नव्हते. मजकूर तबकडीवर होता, फक्त तो ज्या वहिवाटीने मांडला होता ती वहिवाट एका यंत्राला ठाऊक होती आणि दुसऱ्याला नव्हती. दुकानदाराने वापरलेल्या आज्ञावलीने सीडीला फ्लॉपीसारखे वागविले होते, म्हणजे हवे तेव्हा थोडे थोडे लिहावे, पुसल्यासारखे करावे, आणि शेवटी तबकडी बंद न करताच बाहेर काढावी. छापखान्याच्या जुन्या यंत्राला तबकडी नीट मोहोरबंद झालेली हवी होती. चौकशी करता करता या विषयाचा जो इतिहास हाती लागला, तो नेरळच्या फलाटाइतकाच मनोरंजक निघाला.

तबकडीवरचा मार्गही एकच असतो. मध्यापासून निघून कडेपर्यंत गोल गोल वेटोळे घेत गेलेली ही रेघ सरळ केली, तर सुमारे पाच किलोमीटर लांब भरेल. फिलिप्स आणि सोनी या दोन कारखान्यांनी १९८० मध्ये गाण्याच्या तबकडीचे माप ठरविले, १९८२ मध्ये ती जपानात विक्रीस आली. १९८३ मध्ये त्याच तबकडीवर संगणकाचा मजकूर कसा ठेवावयाचा याचे नियम निघाले. त्या नियमांनी रेघेचे सारख्या आकाराचे खण पाडले, प्रत्येक खणात २०४८ अक्षरांची जागा ठरविली, ओरखडा पडला तर चूक कशी दुरुस्त करावी हेही सांगितले. मात्र एक गोष्ट सांगितली नाही: कोणत्या खणात काय ठेवले आहे त्याची यादी कोठे आणि कशी लिहावी. गोदाम बांधले, कोठ्या आखल्या, पण बारनिशीची वही ज्याने त्याने आपल्या मनाने ठेवावी असे सोडून दिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. एका कारखान्याची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात बसे, फिरे, चकाके, आणि मुकी राही.

यावर तोडगा निघाला तो एका डोंगरात. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील टाहो सरोवराच्या काठी, हाय सिएरा नावाच्या एका हॉटेलात, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, डिजिटल, हिताची, फिलिप्स, सोनी इत्यादी कारखान्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. बाजारात एकमेकांचे गळे धरणारी ही मंडळी होती. परंतु प्रत्येकाची बारनिशी निराळी राहिली तर तबकडी कोणीच विकत घेणार नाही, हे व्यापारी सत्य सर्वांना उमगले होते. त्या बैठकीतून जो तहनामा पुढे आला त्याला हॉटेलावरूनच हाय सिएरा हे नाव पडले, आणि थोड्याफार फेरफारांनी १९८८ मध्ये तोच आयएसओ ९६६० या क्रमांकाने जगन्मान्य झाला. थंड हवेच्या ठिकाणी बसून केलेले सगळेच ठराव वाया जात नाहीत, एवढे माथेरानच्या शेजाऱ्याने अभिमानाने म्हणावयास हरकत नाही.

या तहनाम्यातील एक कलम मला विशेष मोहविते. त्या काळी संगणकांचे दोन पंथ होते. मोठी संख्या लिहिताना इंटेलच्या मेंदूवर चालणारी यंत्रे लहान मूल्याचा भाग आधी लिहीत. मोटोरोलाच्या मेंदूवर चालणारी, ज्यांत मॅकिंटॉश आला, ती मोठ्या मूल्याचा भाग आधी लिहीत. आपल्याकडील जुन्या शिलालेखांत व पोथ्यांत शब्दांनी शक सांगताना अंक डावीकडे सरकत जातात, आणि म्हणून ‘वेद-अग्नी’ याचा अर्थ त्रेचाळीस नसून चौतीस असा घ्यावा लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या भांडणाचे स्वरूप चटकन कळेल. तहनामा करणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते: एका पंथाचा पक्ष घ्यावा, किंवा बैठक मोडावी. त्यांनी तिसराच काढला. तबकडीवरील यादीतील जवळजवळ प्रत्येक संख्या दोनदा लिहावी, एकदा या रीतीने आणि लगेच पुढे त्या रीतीने; ज्याला जी वाचता येईल ती त्याने वाचावी. आदिलशाही अमदानीतील कित्येक कागदांवर वर फारसी मजकूर आणि खाली तोच मोडी मराठीत दिलेला असतो, कारण वरचा भाग हुजुरातल्या मुन्शीसाठी आणि खालचा गावच्या पाटील-कुलकर्ण्यांसाठी. विजापूरच्या दप्तरखान्याला जे शहाणपण सतराव्या शतकात सुचले होते, तेच टाहोच्या काठी विसाव्या शतकात पुन्हा सुचले. त्यात थोडी जागा वाया जाते, कारकुनाचे काम दुप्पट होते. पण कोणालाही दुसऱ्याची लिपी शिकण्याची सक्ती होत नाही.

दुसरे कलम असेच उदार आहे. तबकडीच्या आरंभीचे सोळा खण या तहनाम्याने मोकळे सोडले, त्यांत काहीही लिहिले नाही आणि काय लिहावे हेही सांगितले नाही. वाड्याच्या तोंडाशी ओसरी सोडावी, आणि तिच्यावर कोण येऊन टेकेल याची चौकशी करू नये, तसे हे झाले. पुढे या ओसरीचा फार उपयोग झाला. मॅकिंटॉशची स्वतःची मांडणी, जिला एचएफएस म्हणतात, ती विंडोजच्या यंत्राला मुळीच समजत नसे. शिवाय मॅकच्या फाइलला दोन अंगे असत, एक मजकुराचे आणि दुसरे त्याच्या साजाचे, आणि परक्या यंत्रावरून फिरून येताना दुसरे अंग गळून पडे. तेव्हा हुशार कारागिरांनी मोकळ्या खणांत मॅकला आपल्या दाराचा पत्ता लिहून ठेवला आणि पुढे नेहमीची यादीही ठेवली. आतली चीजवस्तू एकच, पण वाड्याला दिंडी दरवाजे दोन. मॅकवाला एका दाराने आत येई, विंडोजवाला दुसऱ्याने, आणि शेजारी दुसरे दार आहे याचा कोणालाच पत्ता नसे. अशा दुपाखी तबकड्यांना संकरित म्हणत.

तथापि सर्वांना सामावून घेणारा करार म्हटला की, तो सर्वांत गरिबाच्या ऐपतीप्रमाणे करावा लागतो. त्या काळी सर्वांत गरीब होती ती डॉस. तिला फाइलचे नाव आठ अक्षरांचे, वर टिंब आणि तीन अक्षरांचे शेपूट, एवढेच पेलत असे. म्हणून तहनाम्याच्या पहिल्या पायरीवर नावे तशीच ठरली, आणि तीही रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढ्याच साहित्यातून. पेटीत पेटी, तिच्यात पेटी, अशा आठांहून अधिक थर करावयाचे नाहीत, अशीही अट होती. माझी सीडी दुसऱ्या खेपेस त्या दुकानदाराने साध्या रीतीने लिहून, बंद करून दिली, तेव्हा पुण्याच्या यंत्रावर ती उघडली खरी. परंतु मी हौसेने देवनागरीत घातलेल्या ‘शार्लट तलाव सायंकाळ’, ‘पॅनोरमा पॉइंट धुके’ अशा नावांच्या जागी अधोरेषांची एक रांग आणि शेवटी एक आकडा, एवढेच उरले होते. चाळीस छायाचित्रांची चाळीस बिननावी प्रेते! कोणते कोणाचे, हे ओळखण्यासाठी मला स्वतः पुण्याला जावे लागले.

नावांचा हा जाच इतरांनाही सोसवत नव्हताच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत म्हणून बाळबोध वाचणाऱ्याने नाक मुरडावे आणि मोडीवाल्याने बाळबोधाच्या संथपणाला हसावे, असा प्रकार येथेही चालला होता. युनिक्सपंथीयांना लांब नावे तर हवीच होती, पण प्रत्येक फाइलचा मालक कोण आणि तिच्यावर कोणाला काय करण्याचा परवाना, हेही तबकडीवर नोंदलेले हवे होते. त्यांनी मूळ यादीच्या समासात आपल्या जादा नोंदी लिहिण्याची युक्ती काढली आणि तिला रॉक रिज असे नाव दिले, जे मेल ब्रूक्सच्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या विनोदी चित्रपटातील गावाचे आहे. आठ थरांहून खोल गेलेल्या पेट्या ते उचलून एका बाजूस ठेवीत, आणि विंडोजवाल्याला ती अनोळखी पेटी दिसली की तो चक्रावून जाई. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या सुमारास निराळा उपाय केला: जुनी यादी तशीच ठेवून तिच्या जोडीला दुसरी, ऐसपैस यादी लिहिली, जिच्यात चौसष्ट अक्षरांपर्यंत नाव, आणि तेही युनिकोडात, लिहिता येई. ही जोलिएट. म्हणजे देवनागरीला प्रथम दार उघडले ते येथे. पण ही दुसरी यादी वाचावयाची कशी हे ज्या यंत्राला ठाऊक नाही, ते निमूटपणे पहिलीकडे वळते. छापखान्याचे जुने मॅक तसेच वळले होते. आणखी एका तिसऱ्या कराराने, ज्यामुळे संगणक थेट तबकडीवरून सुरू करता येऊ लागला, एल टोरिटो हे नाव कॅलिफोर्नियातील एका खाणावळीवरून घेतले. हॉटेल, चित्रपट आणि खाणावळ: एखाद्या शास्त्राची परिभाषा याहून मोकळ्या मनाने जमविलेली माझ्या पाहण्यात नाही.

या सर्व कारागिरीत एक गोष्ट मात्र एकमुखाने पाळली गेली, ती अशी की जुन्या यादीला कोणी हात लावला नाही. नवे जे काही घातले ते तिच्या समासात किंवा तिच्या शेजारी. त्यामुळे १९९५ नंतर लिहिलेली तबकडी जुन्या यंत्रावर निदान अधोरेषांच्या रांगेनिशी तरी उघडे. माझ्या मते या सबंध इतिहासातील खरी कमाई हीच, आणि पुढे जे घोटाळे झाले ते ही रीत जेथे सोडली तेथेच झाले.

तो प्रसंग यूडीएफ या नव्या मांडणीचा. १९९५ मध्ये प्रकाशयंत्राने लिहिणाऱ्यांच्या एका संघटनेने ती काढली. डीव्हीडीला ती लागलीच मानवली, आणि तबकडीवर थोडे थोडे लिहिण्याची जी सोय माझ्या दुकानदाराने वापरली, तीही हिच्याच बळावर. परंतु तिच्या आवृत्त्या एकामागून एक निघत गेल्या आणि प्रत्येक संगणकाला त्यांतील काहीच कळत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने तर कोरी तबकडी आत घातली की, न विचारता हीच रीत पुढे करावयास सुरुवात केली. पुढच्या आवृत्तीत दोन पर्याय साध्या भाषेत मांडले गेले, एक पेनड्राइव्हसारखा वापर आणि दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पण पेनड्राइव्हसारखी म्हणून लिहिलेली तबकडी दिवाणखान्यातल्या प्लेअरमध्ये का चालत नाही, याचा खुलासा मला निदान डझनभर नातेवाइकांना करावा लागला आहे. लग्नाच्या व्हीसीडीने तर आधीच लोकांच्या मनात पक्के केले होते की, तबकडी म्हणजे टीव्हीवर चालणारी वस्तू. म्हणून गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारी, “टीव्हीवर लागेल ना?” आणि त्या एका प्रश्नात या निबंधाचा सारा विषय येतो.

तबकडी उघडली, नावे जुळली, तरी मराठी माणसाचा प्रवास तेथे संपत नसे. नेरळला गाडी बदलून अमन लॉजला उतरावे आणि पुढे पुन्हा पायी चालावे, तसे हे होते. माझ्या चार लेखांचा मजकूर छापखान्यात उघडला तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वरचिन्हे आणि ठिपके यांची खिचडी दिसली. डीटीपीवाले याला ‘फॉन्ट फुटला’ म्हणतात, आणि हा शब्द अचूक आहे. आपले शब्द काचेसारखे फुटून पडलेले प्रत्यक्ष दिसतात. त्या काळी श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा निरनिराळ्या प्रणाली मराठी छापखान्यांत नांदत होत्या, आणि प्रत्येकीने रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची अक्षरे, काने, मात्रा, अर्धी व्यंजने आपापल्या सोयीने भरली होती. एकीत ज्या घरात ‘क’ राहतो त्या घरात दुसरीत अर्धा ‘ष’ राहावयाचा. श्रीलिपी काढणारे मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचे, आयएसएम काढणारे सी-डॅकही पुण्याचेच. एका शहरात राहून एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे सरकारमान्य प्रमाण १९९१ मध्येच ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला तिची स्वतःची घरे मिळाली होती. पण कागदावर ठरलेले प्रमाण छापखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचावयास दहा-पंधरा वर्षे लागली. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा युनिकोड टंक प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखिला. सुलेखनकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे, परंतु माझ्यासारख्या सामान्य लेखकावर त्यांचे उपकार हे आहेत की, कर्जतेत लिहिलेला ‘क’ आता पुण्यात ‘क’च राहतो. तबकड्यांच्या बाबतीत जे हॉटेलात एका बैठकीत झाले, ते आपल्या लिपीच्या बाबतीत इतक्या विलंबाने का व्हावे, याची खंत मात्र मला अजून आहे.

मेळ अखेर बसला. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही यंत्रणा साधी आयएसओ ९६६० आणि जोलिएट तबकडी बिनतक्रार वाचतात, यूडीएफच्या बहुतेक आवृत्त्याही ओळखतात. आणि नेमके तेव्हाच तबकडी घालावयाची फटच संगणकावरून नाहीशी झाली! अ‍ॅपलने २००८ मध्ये मॅकबुक एअर हे ती फट नसलेले यंत्र काढले, हळूहळू इतरांनी तोच कित्ता गिरविला. कोऱ्या तबकड्या बनविणाऱ्या जगातील बड्या कारखान्यांत ज्याची गणना होत असे, तो ग्रेटर नोएडाचा मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे अवसायनात निघाला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबविले. तह पाळणारे सारे राजे राहिले, मुलूखच बुडाला.

आमच्या डोंगरावरच्या गाडीचे नशीब थोडे बरे म्हणावयाचे. २६ जुलै २००५ च्या महापुरात तिचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, आता ती पुन्हा दिसणार नाही असे लोक बोलू लागले, आणि मार्च २००७ मध्ये, शंभरी भरण्याच्या बेतात, ती परत धावू लागली. जुन्या जर्मन इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडात लेटन बझर्ड येथे आहे; तेथील लोहमार्गाचे मापही दोनच फूट. नेरळच्या फलाटाला लागून असलेल्या मुंबईच्या रुळांवर ज्याला एक पाऊल टाकता आले नसते, त्याला समुद्रापलीकडचे रूळ आपलेसे वाटले.

माझी ती सीडी अजून माझ्यापाशी आहे. तिची मांडणी आता कोणतेही यंत्र वाचील. परंतु तबकडीच्या पोटात ज्या रंगद्रव्याच्या थरावर ती चित्रे कोरली आहेत तो थर उष्णतेने, उजेडाने आणि दमट हवेने विटतो, आणि आमच्या या सह्याद्रीच्या पायथ्याला चार महिने कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी धरते. गेल्या वैशाखात मी ती उघडून पाहिली, तेव्हा चाळिसांपैकी सदतीस चित्रे उतरली आणि उरलेली तीन, जी रेघेच्या शेवटी म्हणजे तबकडीच्या कडेशी होती, ती उतरली नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नाच्या, मुंजीच्या, सहलीच्या किंवा वडिलांच्या आवाजाच्या अशा तबकड्या मार्करने नावे घालून ठेवलेल्या असतील, त्यांनी यंदाचा पाऊस लागण्यापूर्वी त्या एकदा उतरवून घ्याव्यात; बाहेरून जोडावयाचे सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळते.